सुकेळी : वसईच्या उन्हातला गोड खाऊ

शाळेतून आलेले पोर दप्तर टाकते आणि पहिला प्रश्न विचारते, "खायला काय आहे?" हल्ली त्याचे उत्तर गावच्या दुकानात टांगलेल्या कुरकुरीत पाकिटांच्या माळा देतात. आपल्याच पिकाचा पैसा त्या पाकिटांत जातो आणि परसातली केळी मात्र जास्त पिकली म्हणून गुरांपुढे पडतात. अशा घरांसाठी वसईकडचा एक जुना खाऊ आज तुमच्यापुढे ठेवतो. त्याचे नाव सुकेळी.

मी घाटावरचा. नोकरीनिमित्त वसईच्या बागायतीत फिरू लागलो, तोवर सुकेळी हा शब्दही माझ्या कानांवर आला नव्हता. एका घरी चहाबरोबर तांबूस सोनेरी, बोटाएवढे काही पुढे आले. मला वाटले, गुळाची वडी असेल. तोंडात टाकले तर चिवट, मधासारखे गोड आणि पिकल्या केळ्याचा घमघमाट! साखरेचा कणही न घालता हे होते, यावर माझा पटकन विश्वास बसेना. तेव्हापासून फिरतीच्या पिशवीत माझा हाच खाऊ असतो.

हा पदार्थ नवा मात्र नाही. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही आगाशीच्या सुक्या केळ्यांची वाखाणणी आहे. आगाशी, नंदाखाल या पट्ट्यातल्या बागायतदारांच्या घरी हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले. कार्तिकात निर्मळची जत्रा भरते, तिथून सुकेळी घरी न्यायची चालही जुनीच.

केळे कोणते?

खरी सुकेळी राजेळी केळ्याची. हे केळे लांब, जाड सालीचे, घट्ट गराचे. केरळातल्या नेंद्रनच्या कुळातले. गर घट्ट असल्याने ते वाळताना आकार धरून राहते. आपली नेहमीची मऊ केळीही वाळतात, पण ती चिकट आणि काळपट होतात. घरी खाण्यापुरती ती करून पाहायला हरकत नाही.

करायची कशी?

पावसाळा सरून कोरडी हवा सुरू झाली, की काम धरावे. घड पक्का झाल्यावर काढून फण्या पेंढ्यात झाकून उबेला पिकवाव्यात. साल पूर्ण पिवळी झाली आणि गर गोड झाला, की केळी सोलावीत. जमिनीपासून उंच, बांबूच्या किंवा कारवीच्या मांडवावर ती एकमेकांना न चिकटता मांडावीत. खालून-वरून वारा लागला पाहिजे. माश्या आणि धूळ लागू नये म्हणून वर मच्छरदाणीचे कापड ताणावे.

दिवसभर ऊन द्यावे. संध्याकाळी दव पडण्याआधी केळी गोळा करून स्वच्छ कापडात किंवा केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून ठेवावीत. रात्री आतला ओलावा बाहेर येतो, सकाळी तो उन्हाने उडतो. म्हणून हे झाकणे चुकवू नये. रोज बाजू पालटावी. कडक ऊन असेल तर आठवडाभरात माल तयार होतो. केळे वाकवले तर मोडू नये आणि दाबले तर रस सुटू नये, ही त्याची खूण. मग सुक्या पानात बांधून किंवा हवाबंद डब्यात ठेवावीत. बुरशीचा ठिपका किंवा आंबूस वास आला, तर तो माल खाऊ नये.

हिशेब

गर १० किलो धरा. त्यात पाणी सुमारे ७ किलो आणि बाकीचा भाग ३ किलो. वाळवून २० टक्के ओलावा ठेवला, तर हाती पावणेचार किलोच्या आसपास सुकेळी येतात. साल आणि घडाचा दांडा वेगळे. म्हणून दर ठरवताना कच्च्या केळ्याची किंमत, आठवड्याची मजुरी आणि ही घट धरूनच ठरवा. घरच्या बाईच्या कष्टाला शून्य दाम लावू नका. विकायचे असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारावे.

खाण्यात सुकेळ्याला पोटॅश आणि चोथा चांगला असतो. 'क' जीवनसत्त्व मात्र उन्हात बरेचसे जाते. साखर एकवटलेली असल्याने पोरांना एक-दोन पुरेत, मधुमेहींनी जपून. तुपावर परतून वर ओले खोबरे घातले, तर पाहुण्यालाही पुढे करता येते.

राजेळी राहील का?

वसईत आज बागांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि कित्येक विहिरींना खारे पाणी लागले आहे. राजेळीची केळ उंच, तिला आधार द्यावा लागतो आणि पीकही सावकाश येते. त्यामुळे बागायतदार झटपट येणाऱ्या वाणांकडे वळतात. राजेळी गेली, की सुकेळी गेली. आणि वाळवण्याचे हे कसब ज्या हातांत आहे, ते हात आता थकले आहेत.

तेव्हा सांडपाण्याच्या कडेला चार राजेळी लावा. मुनवे तलवारीसारख्या अरुंद पानांचे, निरोगी बागेतलेच घ्या. शेंड्याला पाने आखूड, उभी आणि गुच्छासारखी दिसली, तर तो पर्णगुच्छ रोग. मावा तो पसरवतो, म्हणून आधी माव्याचा बंदोबस्त करून झाड गड्ड्यासकट काढा आणि नष्ट करा. तुमच्या ओळखीत सुकेळी करणारी एखादी आजी असेल, तर येत्या हंगामात सुनेला किंवा लेकीला आठवडाभर तिच्या हाताखाली पाठवा. कागदावर लिहिलेले मी सांगितले. बोटाने दाबून ओळखायचे ते तीच शिकवील.