चुंबक आणि अतिसंवाहक

तारेतून वीज वाहते तेव्हा तार थोडी तापते. तिरोड्याला निर्माण होणाऱ्या विजेचाही काही अंश असा वाटेतच उष्णता होऊन जातो. पण १९११ साली हॉलंडमध्ये कामरलिंग ओनेस यांनी पारा शून्याखाली २६९ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्यातला रोध एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता.

तिचे मर्म १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी उलगडले. अशा थंडीत धातूतले इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. गोंदियाकरांना जोडीचे कौतुक मी काय सांगावे? सारस तुमच्याच धानाच्या बांधीतला! (इलेक्ट्रॉनांची जोडी मात्र तितकी एकनिष्ठ नसते, उपमा फार ताणू नये.) प्रत्येक इलेक्ट्रॉनाला एक फिरकी असते आणि जोडीतील दोघांच्या फिरक्या परस्परविरुद्ध असतात. लोहचुंबकाचा हट्ट नेमका उलटा : सर्वांनी एकाच दिशेला तोंड करावे. म्हणून चुंबकाच्या सहवासात जोडी मोडते.

असे असता, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नागराजन, गुप्ता आणि त्यांचे सहकारी इट्रियम, निकेल व बोरॉन यांचे एक संयुग तपासत होते. निकेल हा लोखंडाच्याच पंक्तीतला चुंबकीय धातू. तेथे अतिसंवाहकतेची अपेक्षा कोण करील? तरी एका नमुन्यात तिची पुसट खूण दिसली. मळ समजून ती सोडून देता आली असती. त्यांनी माग काढला, तो कार्बनपाशी पोचला. मुद्दाम कार्बन घालताच शून्याखाली सुमारे २६१ अंशांवर तिचे ठळक रूप प्रकटले. हा शोध १९९४ साली प्रसिद्ध झाला.

या पदार्थाचा स्फटिक थराथरांचा आहे : निकेल-बोरॉनचा एक थर, मग इट्रियम-कार्बनचा, पुन्हा निकेल-बोरॉनचा. इट्रियमच्या जागी हॉल्मियम हे चुंबकीय मूलद्रव्य बसवले की झगडा उघड दिसतो. सुमारे उणे २६५ अंशांवर पदार्थ अतिसंवाहक होतो. उणे २६८ च्या आसपास हॉल्मियमचे अणू रांगा धरू लागतात, आणि रोध पुन्हा डोके वर काढू पाहतो. त्याहून थंड केल्यावर एका थरातले सगळे अणू एकीकडे, पुढच्या थरातले विरुद्ध दिशेला, अशी शिस्त लागते. थरांचा प्रभाव परस्परांत जिरतो आणि जोड्या पुन्हा स्थिरावतात. एर्बियम घातले तर नवलच : तेथे उणे २७१ अंशांच्या सुमारास किंचित लोहचुंबकत्व उपजते, तरी अतिसंवाहकता मोडत नाही.

आता प्रयोगशाळांतून नायोबियम आणि चुंबकीय धातू यांचे पातळ पापुद्रे एकावर एक चढवून हाच झगडा हाताने मांडतात. साध्या जोड्या चुंबकात अगदी थोड्या अंतरापर्यंतच तग धरतात. पण चुंबकाचे थर वेगवेगळ्या दिशांना रोखून ठेवले, तर एकाच दिशेच्या फिरक्यांच्या जोड्याही जमतात आणि त्या चुंबकात बऱ्याच खोलवर जातात; चुंबकाला त्यांच्यात मोडण्यासारखे काही सापडतच नाही.