गाडीगणिक वाढणारा फॉर्म

तुमसरच्या एका राइस मिलसाठी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये धानखरेदीचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. छापील पावतीवर पाच ओळी, म्हणून स्क्रीनवरही पाचच काढा, असं मालकांचं म्हणणं. मुनीमजींना ते पटलं नाही. "भाऊ, कोनाच्या गाडीत किती वान येतीन, हे आधी कोनाले मालूम?"

त्यांचं बरोबर होतं. हंगामात एकाच ट्रॅक्टरवर बापाचं सुवर्णा, लेकाचं एचएमटी आणि काकाचं ओलं धान येतं. प्रत्येकाचे कट्टे वेगळे, ओलाव्याची कपात वेगळी, भावही वेगळा. पाच ओळी संपल्या की दुसरी पावती फाडायची, आणि एका गाडीचा हिशेब दोन ठिकाणी जायचा. शेतकऱ्याला आपलं सगळं धान एका कागदावर दिसायला हवं. म्हणजे ओळ प्रोग्राम चालू असतानाच तयार व्हायला हवी होती.

व्हीबी ६ मध्ये यासाठी कंट्रोल अ‍ॅरे होता. डिझाइन करताना एकच ओळ काढायची, तिला शून्य इंडेक्स द्यायचा आणि पुढची प्रत्येक ओळ 'लोड' म्हणून मागवायची. नवा बॉक्स येतो तो अदृश्य, आणि मूळ बॉक्सच्याच जागेवर. 'टॉप' बदलून 'व्हिजिबल' ट्रू केलं की तो खाली दिसू लागतो. इव्हेंट प्रोसीजर सगळ्यांना एकच. कुठल्या ओळीत टाइप झालं ते इंडेक्स सांगतो. फॉर्मला स्वतःचा स्क्रोलबार नसल्याने एका पिक्चरबॉक्सच्या पोटात दुसरा ठेवून तो सरकवावा लागला.

खरी कसोटी मुनीमजींच्या बोटांनी घेतली. ते माउसला हात लावत नसत, म्हणून एंटरला टॅबचं काम दिलेलं होतं. 'लोड' करताना मूळ बॉक्सचे बहुतेक गुण नव्यात उतरतात, पण टॅबइंडेक्स उतरत नाही. त्यामुळे नव्या ओळी टॅबच्या क्रमात 'जतन करा' बटणाच्याही मागे गेल्या. पहिल्या ओळीचा भाव भरून एंटर दाबला की कर्सर थेट बटणावर. आणखी एक एंटर, की अर्धवट पावती जतन. दर ओळीमागे टॅबइंडेक्स नव्याने लावला तेव्हा काम सुरळीत झालं. स्क्रीनवर नुसतं पाहून हा दोष कुणालाच दिसला नसता.

ओळ काढून टाकणं त्याहून नाजूक. वाणाच्या कॉम्बोबॉक्समध्ये 'काही नाही' निवडलं की ती ओळ जावी, अशी मागणी होती. पण कॉम्बोच्या स्वतःच्या क्लिक इव्हेंटमध्ये त्यालाच अनलोड करायला गेलं की एरर ३६५ येतो. उपाय टायमरचा: इव्हेंटमध्ये फक्त ओळीचा क्रमांक टिपून ठेवायचा, इव्हेंट संपला की टायमर ती ओळ काढतो. डिझाइनमध्ये काढलेली शून्य क्रमांकाची ओळ मात्र अनलोड होतच नाही, तिथे एरर ३६२. ती फक्त रिकामी करायची.

२००२ साली व्हीबी डॉट नेट आलं आणि कंट्रोल अ‍ॅरे गेला. आता 'न्यू'ने बॉक्स तयार करायचा, 'कंट्रोल्स डॉट अ‍ॅड'ने फॉर्मवर ठेवायचा आणि 'अ‍ॅडहँडलर'ने त्याचा इव्हेंट जोडायचा. शेवटची पायरी राहिली तर बॉक्स दिसतो, आकडेही टाइप होतात, पण बेरीज बदलत नाही. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न असतो, म्हणून या तिन्ही पायऱ्या मी आजही एकाच प्रोसीजरमध्ये ठेवतो, आणि नवी ओळ तिच्याशिवाय दुसरीकडून तयार होऊ देत नाही.