बोलतोय, चालतोय, तरीही धोका
डोक्याला मार लागल्यावर कवटीच्या आत, मेंदूभोवतीच्या आवरणांत रक्त साचू शकते. बाहेर साधे टेंगूळ नसले तरीही. भिवंडीजवळच्या दापोडे-मानकोली पट्ट्यात गोदामातल्या थप्पीवरून पडणे, कंटेनरांच्या गर्दीत दुचाकी घसरणे, ही अशा माराची नेहमीची कारणे. जमलेल्यांतला कोणीतरी लगेच निदान करून मोकळा होतो : "बोलतोय ना? मग मुका मार आहे."

सर्वांत घातक गैरसमज हाच. कानशिलापाशी कवटीचे हाड पातळ असते आणि त्याला आतून लागूनच मेंदूच्या आवरणाची धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते. रक्त थोडे असेपर्यंत रुग्ण उठतो, चहा पितो, घरी जातो म्हणतो. पण कवटी ताणली जात नाही. रक्त वाढले की मेंदूच दबतो, आणि काही तासांत, कधी त्याहून लवकर, डोकेदुखी वाढते, उलट्या होतात, बोलणे असंबद्ध होते, गुंगी येते. एका डोळ्याची बाहुली मोठी होते, एका बाजूचे हातपाय लुळे पडतात. इथवर वाट पाहणे म्हणजे फार उशीर.

क्रिकेटपटू रमण लांबा यांना २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात, हेल्मेटविना शॉर्ट लेगला उभे असताना डोक्याला चेंडू लागला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. २३ तारखेला ते गेले. तरी 'चालतोय ना' हा युक्तिवाद काही संपत नाही.

म्हातारपणी घात सावकाश होतो. मेंदू आक्रसल्याने बारीक शिरा ताणलेल्या असतात. न्हाणीघरात किरकोळ आपटल्यावरही त्या तुटून रक्त झिरपत राहते. दोन-तीन आठवड्यांनी तोल जातो, विसराळूपणा वाढतो आणि घरचे म्हणतात, "वय झालं." रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी मोठा.

"रक्त वाहून गेलं, बरं झालं" : वाहिले ते कातडीचे, आतल्याशी त्याचा संबंध नाही. "एक्स-रे चांगला आहे" : एक्स-रेत हाड दिसते, साचलेले रक्त दिसत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. "उलटी भीतीनं झाली" : मारानंतर एकाहून अधिक उलट्या झाल्या, तर धोका ओळखल्यापासून तासाभरात मोठ्या माणसाचा सीटी करावा, असे ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेचे मार्गदर्शन आहे. "झोपू देऊ नका" : जागे ठेवल्याने रक्तस्राव थांबत नाही, हलवूनही नीट जागा न होणे ही धोक्याची खूण. "प्यायलाय, उतरेल" : दारूची गुंगी आणि रक्तस्रावाची गुंगी नुसत्या नजरेने वेगळी ओळखता येत नाही. झटका आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवण्याबद्दल काही लिहावे लागू नये; कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

"पोलिसांचं लफडं नको" म्हणूनही वेळ जातो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४-अ नुसार अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. त्याला स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.