ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही

धाराशिव जिल्ह्याचा आणि समुद्राचा संबंध तो काय, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न वावगा म्हणता येणार नाही. बालाघाटच्या डोंगररांगा, मांजरा, तेरणा, बोरी यांसारख्या नद्या, काळ्या जमिनीतील ज्वारी आणि हरभरा हे या भागाचे रूप. पाण्याचे कौतुक म्हणून पाहुण्यास दाखवावयाचे तर नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहाल. असे असताही हा संबंध आहे, आणि तो दोन वेळा जडलेला आहे. पहिला फार जुना. तेरणाकाठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या समुद्रवर्णनात या नगराचे कापड गाड्यांतून भडोच बंदरास जात असल्याची नोंद सापडते. दुसरा संबंध मात्र दुसऱ्या महायुद्धातील, आणि तो आपल्या लोकांच्या सहसा ध्यानात नसतो.

धाराशिवास ‘उस्मानाबाद’ हे नाव हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडले होते. २०२३ साली ते शासकीय दप्तरातून जाऊन जुने नाव पुन्हा आले. याच निजामाच्या पदवीने आणखी एक वस्तू ओळखली जाई, ती म्हणजे ‘निजाम’ नावाची विनाशिका. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे ती बांधली गेली. तिच्या बांधणीस निजामांनी मोठी रक्कम दिली म्हणून तिला हे नाव मिळाले, आणि १९४१ च्या जानेवारीत ती ऑस्ट्रेलियन नाविकांच्या हाती सोपविण्यात आली. संस्थानचा पैसा बव्हंशी शेतकऱ्याच्या महसुलातून उभा राहत असे. तेव्हा धाराशिव, परांडा, तुळजापूर येथील काळ्या जमिनीचाही त्या नौकेत काही अंश होता असे म्हणावयास हरकत नाही. क्रीट बेटावरून सैन्य काढून आणणे, वेढलेल्या तोब्रूकला रसद पोचविणे अशी कामे तिने केली; १९४५ च्या सप्टेंबरात जपानने शरणपत्रावर सह्या केल्या तेव्हा ती टोकियोच्या उपसागरात उभी होती. परंतु तिच्या अखेरच्या वर्षातील एक दिवस वेगळा आहे. ११ फेब्रुवारी १९४५ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ एका प्रचंड लाटेने नौका जवळजवळ आडवी केली आणि तिच्यावरील दहा नाविक वाहून गेले. शत्रूची गोळी नाही, पाणसुरुंग नाही, केवळ लाट. तरीही त्या दहांची गणना युद्धात पडलेल्यांत झाली.

ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण असे की, नौयुद्धाचे कोणतेही स्मारक पाहावयास जाताना हाच प्रश्न मनात ठेवून गेले पाहिजे: यात नाव कोणाचे लागते, आणि ते कोणत्या नियमाने? जमिनीवर पडलेल्या सैनिकाची कबर असते, निदान असावी अशी अपेक्षा असते. समुद्रात गेलेल्याला तीही नाही. त्याच्या मागे उरते ते केवळ नाव. म्हणून नाविकांचे स्मारक ही एका अर्थाने यादीच असते, आणि यादी म्हटली की तिच्यात कोणास घ्यावयाचे हे ठरविणारा कोणीतरी असतोच.

हिंदी खलाशांची अशी यादी मुंबईस आहे. धाराशिवच्या मंडळींस ती पाहणे अवघडही नाही. लातूरहून सुटणारी रात्रीची गाडी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचविते. तेथून लोकलने पुढचेच स्टेशन मशीद. या स्टेशनाच्या पूर्वेस, गोदीच्या अंगाला, ‘इंडियन सेलर्स होम’ नावाचे खलाशांचे वसतिगृह आहे. बोटीची वाट पाहत थांबलेले दर्यावर्दी लोक जेथे उतरतात अशीच ही वास्तू असल्यामुळे आधी विचारून, परवानगी घेऊन जावे, हे शिष्टाचारास धरून होईल. मुंबईत जुनी स्थळे हिंडवून दाखविणारे मार्गदर्शक हल्ली पुष्कळ झाले आहेत. त्यांच्यापैकी गोदीची माहिती असलेला कोणी बरोबर घेतल्यास सकाळी निघालेली मंडळी दुपारच्या जेवणापर्यंत मोकळी होतात.

येथे दोन स्मारके आहेत. पहिले १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाचे. ‘रॉयल इंडियन मरीन’ हे तेव्हाचे सरकारी आरमारी खाते आणि व्यापारी जहाजे यांवरील दोन हजारांहून अधिक माणसांचे स्मरण त्यात केलेले आहे. दुसरे १९३९ ते १९४५ च्या युद्धाचे. ते खांब अथवा पुतळा नसून एक वही आहे. या वहीत सहा हजारांवर नावे आहेत आणि त्यांतील रॉयल इंडियन नेव्हीचे नाविक सुमारे चारशे. बाकीचे सगळे व्यापारी बोटींवरचे. हे प्रमाण वाचून पाहणारा थबकतो, व थबकलेच पाहिजे. समुद्रावरील युद्ध म्हणजे तोफा आणि गणवेश असे चित्र आपण शाळेपासून बाळगतो. वही सांगते ते निराळेच.

मार्गदर्शक बहुधा या ठिकाणी ‘बंगाल’ या छोट्या नौकेची कथा सांगतात. ती सांगण्याजोगी आहेच. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी सुरुंग काढण्यासाठी बांधलेली ही नौका ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजास घेऊन चालली असता दोन मोठ्या जपानी जहाजांशी गाठ पडली. त्यांतील एक बुडाले, आणि ‘बंगाल’ व ‘ओंडिना’ दोन्ही तरल्या. ऐकणाऱ्यांच्या मुद्रा खुलतात. परंतु वहीतील बहुसंख्य माणसांजवळ तोफ नव्हती, फावडे होते.

जुन्या आगबोटीचे पोट कसे चाले हे ठाऊक असल्यावाचून या नावांचा अर्थ लागत नाही. डेकवर सारंग हा मुकादम, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणूवर सुखानी आणि मग साधे खलाशी. खाली बॉयलरपाशी आगवाले. भट्टीत कोळसा टाकणे आणि निखारे उकरणे हे त्यांचे काम. त्यांना कोठारातून कोळसा आणून देणारे कोळसेवाले निराळे. स्वयंपाकास भंडारी, झाडलोटीस टोपास. मुंबईहून निघणाऱ्या बोटींवर डेकचे लोक पुष्कळसे रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्याचे, भट्टीवरचे पंजाबी व पठाण, आणि उतारूंच्या दिमतीस गोव्याचे ख्रिस्ती, अशी जणू ठरलेली वाटणीच असे. गोव्याच्या या लोकांच्या गावोगावच्या ‘कूड’ नावाच्या खोल्या धोबीतलाव परिसरात होत्या. बोट लागेपर्यंत माणूस तेथे राही. पाणबुडीचा टॉर्पेडो आदळे तो पाण्याच्या पातळीखाली. म्हणजे पुष्कळदा इंजिनघर व भट्टी येथेच. वर असलेल्यास नावेपर्यंत धावण्यास क्षण तरी मिळत. खाली असलेल्यास शिडी चढावयाची असे.

अन् पगार? गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. १९३९ साली युद्ध पुकारले गेले तेव्हा इंग्लंडच्या बंदरांतून हिंदी खलाशांनी संप केले. धोका वाढला, तेव्हा मजुरी वाढवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कित्येकांना तुरुंगात जावे लागले, परंतु मजुरी वाढली. या संपाची हकीकत स्मारकाच्या दालनात आढळणार नाही. मार्गदर्शकास ती ठाऊक नसल्यास त्याला सांगावी.

आता नियमाकडे वळू. या स्मारकांची देखभाल जो राष्ट्रकुल युद्धकबर आयोग पाहतो, तो १९१७ साली स्थापन झाला. त्याचा दंडक असा: नौदलातील नाविक ठराविक मुदतीत कोणत्याही कारणाने वारला, तरी तो युद्धमृत, दुसऱ्या महायुद्धासाठी ही मुदत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ अशी आहे. व्यापारी बोटीवरील खलाशाच्या बाबतीत मात्र मृत्यू युद्धाच्या कारणाने झाला पाहिजे. ‘निजाम’वरील दहा जणांना लाटेने नेले तरी ते सरकारी नौदलाचे, म्हणून त्यांची नावे इंग्लंडात प्लिमथच्या नाविक-स्मारकावर आहेत. तशीच लाट एखाद्या व्यापारी बोटीवरील रत्नागिरीच्या खलाशाला घेऊन गेली, किंवा तांबड्या समुद्रातील उष्म्याने एखादा आगवाला भट्टीपुढेच कोसळला, तर तो अपघात. वहीत नाव नाही. नियम करणाऱ्यांना कोठेतरी रेघ ओढणे भाग होते हे खरे. तथापि कोळसा युद्धाचाच होता, आणि ताफ्याबरोबर वेग राखण्यासाठीच तो अधिक टाकावा लागे, हेही तितकेच खरे.

‘तिलावा’ या बोटीचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट १९४२ च्या नोव्हेंबरात मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. तिच्यावर ९५८ माणसे होती. बहुतेक आफ्रिकेत पोटापाण्यासाठी निघालेली हिंदी कुटुंबे. २३ नोव्हेंबर रोजी जपानी पाणबुडीने तिला बुडविले आणि २८० माणसे गेली. त्यांत खलाशी थोडे, उतारू फार. खलाशांसाठी वही आहे. उतारूंसाठी ही वही नाही. या बोटीवर चांदीच्या लगडीही होत्या. २०१७ साली त्यांतील दोन हजारांहून अधिक समुद्रतळावरून वर काढण्यात आल्या, आणि त्यांचा वाद इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ साली निकालात निघाला. चांदीचा धनी शोधण्यास न्यायाधीश बसले, हे अर्थात योग्यच झाले. पण उतारूंची आठवण ठेवण्याचे काम त्यांच्या नातवंडांवर पडले.

वही वाचावयाची कशी, याबद्दल एक सूचना. नावे इंग्रजी कारकुनांनी कानाला जशी लागली तशी लिहिलेली आहेत. एकच इब्राहिम किंवा अब्दुल चार तऱ्हांनी आढळतो, आडनाव पुष्कळदा नसतेच. काही नोंदींत बापाचे नाव व मुलूख दिलेला असतो, आणि तेवढ्याने माणूस ओळखू येतो. आयोगाची ही सर्व नोंद आता संगणकावर घरबसल्या पाहता येते. ज्यांचे आजोबा-पणजोबा बोटीवर होते अशा कोकणातील व गोव्यातील कुटुंबांनी ती अवश्य चाळावी. नोंदी अपुऱ्या राहिल्याचे आयोगाने स्वतःच मान्य केले आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात असे नमूद आहे की, पहिल्या महायुद्धात पडलेल्या, मुख्यतः पूर्व आफ्रिका व इजिप्तमधील, निदान १,१६,००० माणसांची नावानिशी नोंद झाली नाही, किंवा मुळीच स्मरण झाले नाही.

सेलर्स होममधून बाहेर पडल्यावर गोदीच्या भिंतीकडेने दक्षिणेस यावे. या भिंतीपलीकडे व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीचा स्फोट झाला. कपाशीच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा एकाच बोटीत भरण्याचा शहाणपणा कोणी केला, हे विचारण्यात आता अर्थ नाही. आग विझविताना मुंबईच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून सप्ताह पाळतात. एकंदर मृतांचा आकडा मात्र कोणी आठशे सांगतो, कोणी तेराशे. म्हणजे मोजदादच पुरी झाली नाही. पुढे बॅलार्ड इस्टेटमध्ये पोर्ट ट्रस्टने उभारलेला पहिल्या महायुद्धाचा स्तंभ लागतो. तो पाहण्यास पाच मिनिटे पुरेत.

वेळ उरल्यास कुलाब्याकडे जावे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नौदलाच्या बिनतारी शाळेतील नाविकांनी निकृष्ट अन्न व अपमानास्पद वागणूक यांवरून काम बंद केले, आणि पाच दिवसांत हा उठाव कराचीपर्यंत पोचला. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेंहून अधिक नागरिक मेले. या उठावाचे स्मारक २००१ साली झाले, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. मार्गदर्शक याला अगदी वेगळे प्रकरण मानतात. परंतु १९३९ चा खलाशांचा संप आणि १९४६ चा नाविकांचा उठाव यांतील गाऱ्हाणी शेजारी शेजारी ठेवली असता फारसा फरक दिसत नाही.

कलकत्त्याच्या हुगळीकाठीही १९२४ साली उभारलेले असे एक स्मारक आहे. बंगाल आणि आसामकडील ८९६ खलाशांसाठी बांधलेले ते उंच शिखर नदीवरून सहज दिसते. मुंबईची वही मात्र रस्त्यावरून दिसत नाही. तिची एक जुळी प्रत चितगावच्या युद्धस्मशानभूमीत आहे. नावे तीच, क्रम तोच. देशाची फाळणी झाली तेव्हा बंगालच्या खलाशांची गावे पुष्कळशी पलीकडे गेली. त्यामुळे आज रत्नागिरीचा सारंग आणि सिल्हेटचा आगवाला मुंबईतही एकाच वहीत आहेत आणि चितगावातही.