खोडलेले उत्तर

वर्गसमीकरण सोडवले की बहुधा दोन उत्तरे येतात. वेळ काढायची असली की त्यांतले उणे उत्तर आपण ‘शक्य नाही’ असे लिहून खोडतो. ते बरोबरच आहे. मात्र वह्या तपासताना त्यापुढची एक चूक आम्हांला वारंवार दिसते. आज ती पाहू.

२५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. हवेचा विरोध सोडून दिला आणि गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले, तर क सेकंदांनंतर त्याची जमिनीपासूनची उंची अशी :

उ = २५ + २०क − ५क²

चेंडू जमिनीवर पडतो तेव्हा उ = ०. म्हणून

क² − ४क − ५ = ०
(क − ५)(क + १) = ०
क = ५ किंवा क = −१

येथे पुष्कळ जण −१ खोडतात, ५ चे निम्मे करतात आणि चेंडू अडीच सेकंदांनी सर्वांत उंच असेल असे लिहितात. ही किंमत घालून पाहा. उंची ४३.७५ मीटर येते. पण क = २ घातले तर ४५ मीटर येते! चढण्याउतरण्याला सारखाच वेळ लागतो, पण एकाच पातळीपासून मोजला तर. आपला चेंडू निघाला गच्चीवरून आणि पडला जमिनीवर.

मग −१ काय सांगते? चेंडू १ सेकंद आधी जमिनीवरून सेकंदाला ३० मीटर वेगाने फेकला असता, तर गच्चीपाशी येताना त्याचा वेग नेमका २० राहिला असता. म्हणून मध्य काढायचा तो −१ आणि ५ यांचा : (−१ + ५) ÷ २ = २.

पूर्ण वर्ग करून पडताळा घ्या : उ = ४५ − ५(क − २)². वर्ग कधी उणे नसतो, म्हणून ४५ हीच महत्तम उंची.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांच्या कळपाचे उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली, एक बाहेर दिसते. उत्तरे येतात ५० आणि ५. त्यांनी ५ नाकारले, कारण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले तर उणे उरते. उत्तर खोडताना कारणही असे ठाऊक असावे.

घरी सोडवा : उ = १५ + १०क − ५क². पालकांनी उत्तराबरोबर ‘उणे उत्तराचा अर्थ काय?’ हेही मुलांना विचारावे.

(उत्तर : १ सेकंदाने, २० मीटर.)