बाहीवरची पहिली फीत

शिपायाची बाही कोरी असते. लान्स नायकाला एक फीत, नायकाला दोन, हवालदाराला तीन. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, या वाटेवरची सगळ्यात अवघड पायरी पहिलीच.

कालपर्यंत ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवलो, एका बराकीत झोपलो, त्यांनाच आज हुकूम सोडायचा असतो. हवालदाराकडे वय असतं, दरारा असतो. लान्स नायकाला त्याचं कामच तारतं. गार्ड ड्युटीचंच घ्या. रात्री दोनला संत्री बदलायचा. गाढ झोपेतल्या पोराला उठवायचं, त्याची रायफल, मॅगझिन, टॉर्च बघायची, परवलीचा शब्द म्हणून घ्यायचा, चौकीपर्यंत सोबत जायचं, जुन्याने नव्याला चार्ज दिलेला स्वतः बघायचा आणि मग रजिस्टरात वेळ लिहायची. लांबच्या रूट मार्चनंतर सगळ्यांना बूट-मोजे काढायला लावून एकेकाचे तळपाय बघायचे, कारण फोड आलेला पोरगा आपणहून कधीच सांगत नाही. घरून फोन आल्यापासून कोण गप्प गप्प आहे, हे सुभेदारसाहेबांच्या आधी यालाच कळायला हवं.

दहा जणांच्या सेक्शनमध्ये एलएमजीची (लाइट मशीनगनची) तुकडी टू-आयसीकडे, म्हणजे सेक्शनच्या दुय्यम कमांडरकडे असते, आणि तो बहुतेक वेळा नायक किंवा लान्स नायक असतो. सेक्शन कमांडर रायफलवाल्यांना घेऊन पुढे सरकतो, तेव्हा बाजूने फायर कधी द्यायचा आणि कधी थांबवायचा, हे यानं ठरवायचं. थांबवायला उशीर झाला तर गोळ्या आपल्याच माणसांना लागतात. कमांडर पडला, तर सगळं सेक्शन याच्या हाती.

एका फितीची माणसं काय करू शकतात, तेही बघा. 1948 साली काश्मीरमधल्या तिथवालच्या रिछमार गलीतली चौकी लान्स नायक करम सिंग यांनी जखमी असताना, हल्ल्यामागून हल्ला परतवत राखली. 1971 मध्ये गंगासागरच्या लढाईत लान्स नायक अल्बर्ट एक्का यांनी शत्रूची मशीनगन बंद पाडली आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. दोघंही परमवीर चक्राचे मानकरी.

आपल्या सातारा-सांगलीकडे सुटीवर आलेल्या जवानाला पारावर हमखास विचारतात, "साहेब कधी होणार?" पुढच्या वेळी त्याच्या बाहीवर एक फीत दिसली, तर एवढंच विचारा, "तुझ्या हाताखाली पोरं किती, आणि कुठकुठली?" तो एकेकाचं नाव-गाव सांगेल. बसून ऐका.