भिंत दोन्हीकडची

वारज्यातली आमची सोसायटी आणि शेजारची वस्ती यांच्यामध्ये एकच भिंत. तिच्या कडेला कायम कचऱ्याचा ढीग. आम्ही म्हणायचो वस्तीवाले टाकतात, वस्तीवाले म्हणायचे सोसायटीवाले. 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी लावली, तर पिशव्या नेमक्या पाटीखालीच!

शेवटी महिला मंडळात ठरलं, भिंत रंगवायची. मोर, कमळ, वेलबुट्टी, सगळं आम्हीच ठरवून टाकलं. तेव्हा सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, भिंत दोन्हीकडची, मग चित्र तुमच्याच मनाचं का?"

खरं सांगते, मी ओशाळले. एवढं समाजकार्य करते, पण हे सुचलंच नव्हतं.

मग वस्तीतल्या अंगणवाडीत बैठक घेतली. वारजे १९९७ मध्ये महापालिकेत आलं. त्याआधीचं गाव पाहिलेल्या आजींनी शेतं आणि मुठेचा काठ सांगितला. मुलांना क्रिकेट हवं होतं. मोर मागे पडला. खडूने आखणी झाली आणि दोन रविवार दोन्हीकडचे हात रंगाने माखले.

खरं तर ही रीत आपल्याकडे जुनीच. पालघर भागातल्या वारली घरात लग्न असलं की सुवासिनी मिळून भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चित्राखाली कुणा एकीचं नाव नसतं.

मुंबईत घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीवरची घरं २०१८ च्या सुरुवातीला 'चल रंग दे' या उपक्रमात स्वयंसेवक आणि रहिवाशांनी मिळून रंगवली. मेट्रोतून जाणारे लोक कौतुकाने बघू लागले. पण रंगाने नळाला पाणी येतं का, शौचालयं होतात का, असंही तेव्हा विचारलं गेलं. प्रश्न रास्तच आहे. रंग म्हणजे सोय नव्हे.

आमच्याकडेही कचरा जादूने गेला नाही. पण रंगवता रंगवता बोलणं सुरू झालं आणि कळलं, घंटागाडी येते तेव्हा वस्तीतल्या बायका कामावर गेलेल्या असतात. मग आम्ही आणि त्या, अशा मिळून क्षेत्रीय कार्यालयात गेलो आणि वेळ बदलून घेतली. ढीग कमी झाला तो त्यामुळे. चित्राने आम्हाला एका रांगेत उभं केलं, एवढंच.

तुमच्या गावातही अशी एखादी भिंत असेल. पावसाळा संपला की मालकाची परवानगी घ्या, भिंत घासून धुवा, वाळली की प्रायमर मारा आणि बाहेरच्या भिंतीचाच रंग वापरा. पण ब्रश हातात घेण्याआधी पलीकडच्या बाईला विचारा, "तुला काय काढायचंय गं?"